तेराव्याचा पंखा

दानाच्या वस्तू ओसरीवर मांडून झाल्या होत्या. पलंग, गादी, उशी, चादर, छत्री, जोडे, काठी, तांब्या, समई. सगळ्यात शेवटी ताडाचा हातपंखा होता. चुडामणरावांनी तो उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि बाजूला ठेवला.

“हा नको. नंदूनं ह्यानं कधी वारा घेतला होता का? त्याचा विजेचा पंखाच देऊन टाका.”

“खरंच द्या,” आशाबाई म्हणाल्या. “त्या वाटेवर फार ऊन असतं म्हणतात. ऊन त्याला सोसायचंच नाही.” बोलता बोलता त्यांनी पदर तोंडाला लावला.

मधल्या खोलीत भिंतीला टेकून विमल सतरंजीवर बसली होती. नंदकुमार तिचा नवरा. उद्या त्याचा तेरावा. सासू-सासऱ्यांचं बोलणं तिनं ऐकलं आणि समोरच्या पंख्याकडे पाहिलं. काळ्या लोखंडी बैठकीचा, पितळी पात्यांचा टेबलफॅन. डावीकडून उजवीकडे मान फिरवत तो चालू होता. तिच्यावरून वारा जायचा, भिंतीवरून जायचा आणि परत तिच्याकडे यायचा.

“बाबा, मग तो मी खोलून साफ करतो,” लीलाधर, तिचा धाकटा दीर, ओसरीवरून म्हणाला. “तेलपाणी पण होऊन जाईल.”

“कर. दानात खराब वस्तू चालत नाही. गुरुजी हात लावणार नाहीत.”

“एकदम फर्स्टक्लास करतो. आत्ता गुरुजींच्या यादीचं सामान आणून टाकतो, फिर आरामसे बसतो.”

त्याच्या सायकलची घंटी गल्लीत वाजली आणि लांब गेली. तो परत येईपर्यंत विमलला वेळ होता.

बुऱ्हाणपुरात वैशाखात दुपारी जेवणं झाली की घराघरांतून फरशीवर पाणी ओततात. हौदातलं गार पाणी बादलीने आणायचं, खोलीभर पसरवायचं आणि दारं लोटून घ्यायची. ज्यांच्याकडे पंखा असेल ते पंखा त्या ओल्या फरशीवरच ठेवतात, म्हणजे वारा गार लागतो. ह्या घरातही तसंच होतं. नंदकुमार गेला त्या दुपारी तो कचेरीतून उन्हातून चालत आला, मोरीवर हातपाय धुतले आणि तसाच ओल्या पायांनी पंखा आपल्याकडे वळवायला गेला. विमल स्वयंपाकघरात ताट वाढत होती. तिला तांब्या पडल्याचा आवाज आला. ती आली तेव्हा तो फरशीवर पडलेला होता आणि पंखा चालू होता.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. त्या आठवड्यात गावात आणखीही माणसं उन्हानं गेली होती. कोणालाच काही विचारायचं उरलं नाही. विमललाही नाही.

ती रडली नाही, ह्याची चर्चा मात्र झाली. समाचाराला आलेल्या बायका आशाबाईंना दाराशी हळूच विचारत, “रडली का?” आणि आशाबाई मान हलवत. “शिकलेल्या बायकांचं असंच असतं वं माय,” कोणीतरी म्हणे. विमल नागपूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली होती आणि इथल्या मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होती. ओसरीवर पुरुष बसत. थोडा वेळ ते नंदकुमारविषयी बोलत आणि मग नव्या राज्याविषयी. नागपूर आता मुंबई राज्यात गेलं होतं, बुऱ्हाणपूर मध्यप्रदेशात राहिलं होतं आणि राजधानी भोपाळ झाली होती. नागपूरकडे जाणार की इथंच राहणार, असं कचेरीतून नंदकुमारला विचारलं होतं. तो “बघू” म्हणाला होता. ह्या सगळ्या बोलण्यातून विमलला काही लागत नव्हतं. अंगाखाली हात दाबून बसल्यावर तो जसा आपला वाटेनासा होतो, तसं तिचं सगळं अंग झालं होतं.

दोन दिवसांपूर्वी शेजारच्या कुसुमकाकू आल्या. बसायला जागा करावी म्हणून त्यांनी चालू पंखा हातानं बाजूला सरकवला आणि हात झटकला.

“अगं माय! चावतो की काय वं हा? हात कसा झिणझिणला!”

“तुझा हात म्हातारा झाला, कुसुम,” दुसरी म्हणाली. “परवा कपबशी धरतानाही झिणझिणला म्हणालीस.”

“कपबशी तुझी फुटकी होती.”

एकजण हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवून विमलकडे पाहू लागली. विमल कुसुमकाकूंच्या पायांकडे पाहत होती. त्या कोरड्या सतरंजीवर उभ्या होत्या.

त्याच संध्याकाळी केर काढताना आशाबाईंनी पिन काढली आणि परत लावली. मग दोन्ही हातांनी चालू पंखा उचलून कोपऱ्यात नेला. त्यांना काहीच झालं नाही.

विमल रात्रभर पडून होती. विचार तिनं मुद्दाम केला नाही, तो आपोआप होत गेला. फळ्यावर लिहिलेलं गणित मुलींनी वहीत उतरवून घ्यावं, तसा एकेक टप्पा पुढे आला. पंख्याला दोन तारा असतात. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. दोहोंपैकी एक तार आत कुठेतरी उघडी पडून लोखंडाला टेकली असेल, तर पिन एका बाजूनं लावल्यावर सगळ्या लोखंडात वीज उतरेल. तीच पिन उलटी लावली, तर काही होणार नाही. पंखा दोन्ही वेळा सारखाच फिरेल. पिनेच्या दोन्ही दांड्या सारख्या होत्या. ती कशी लावायची, हे घरात कोणी कधी पाहत नव्हतं. पाहायचं कारणच नव्हतं.

आता चुडामणराव आणि आशाबाई आतल्या खोलीत आडवे झाले. घर शांत झालं. विमल उठली. लीलाधरचा पत्र्याचा डबा माळ्यावर असायचा. त्यात पेचकस, पक्कड, काळी चिकटपट्टी, वायरींची भेंडोळी आणि होल्डरला दोन तारा जोडलेला एक छोटा दिवा होता. तिनं दिव्याची एक तार मोरीतल्या नळाच्या लोखंडी पाइपाला बांधली आणि दुसरी, टोकाच्या आवरणाला धरून, चालू पंख्याच्या बैठकीला टेकवली. दिवा लागला नाही. तिनं पंख्याची पिन काढली, उलटी करून लावली आणि तार परत टेकवली.

दिवा लागला. चांगला लख्ख लागला.

ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनं तार काढली आणि पिन काढून पंखा सतरंजीवर आणला.

बैठकीखालचा पत्रा काढायला अवघड नव्हता. मागच्या भोकातून वायर आत येत होती. भोकाची कड ओतीव लोखंडाची, खरखरीत होती. तिथं रबर नव्हतं. आत गेल्यावर वायरीला गाठ मारायची असते, म्हणजे बाहेरून ओढ बसली तरी ती सरकत नाही. इथं गाठ नव्हती. नंदकुमार रोज पंखा ह्या खोलीतून त्या खोलीत ओढत न्यायचा. दर ओढीला वायर कडेवर घासली असणार. आधी वरचं सुती वेष्टण गेलं, मग रबर. आतल्या तांब्याच्या तारा उघड्या पडल्या होत्या आणि जिथं त्या लोखंडाला टेकत होत्या तिथं मोहरीएवढा काळा डाग होता.

वायर तांबडी-काळी, नवी होती. ती कोणी घातली हे विमलला माहीत होतं. गुढीपाडव्याच्या सुमाराला जुनी वायर तडकली होती, तेव्हा लीलाधरनं ह्याच खोलीत बसून ती बदलली होती. पंखा चालू झाला तेव्हा नंदकुमारनं त्याला “इंजिनियरसाहेब” म्हणून सलाम ठोकला होता आणि रात्री सगळ्यांना रबडी आणली होती. लीलाधरला विजेच्या कामाची पदविका घ्यायची होती. आधी नागपूरला जायचं ठरत होतं, आता जबलपूर म्हणत होते. नंदकुमारनंच वडिलांना राजी केलं होतं.

पंखा दानात देऊ नका म्हणावं, तर का म्हणून विचारतील. काही बिघडलं आहे म्हणावं, तर लीलाधर तो उघडेल. न सांगताही तो आज उघडणारच होता, आणि उघडला की त्याला तो डाग दिसेल. विजेची त्याला तेवढी समज नक्की होती. मग एकोणीस वर्षांच्या त्या मुलाला आयुष्यभर दुसरं काही दिसणार नाही. आणि काहीच न करता गप्प राहावं, तर उद्या हा पंखा गिरधरगुरुजींच्या घरी जाईल. त्यांच्याकडे नुकतीच वीज आली होती. त्यांच्या सुनाही फरशीवर पाणी ओतत असतील.

विमलनं पक्कड घेतली.

डब्यात पांढऱ्या वायरीचं एक नवं, पिन लावलेलं भेंडोळं होतं. तिनं जुनी वायर सोडवली, डाग पडलेलं वीतभर टोक कापून वेगळं केलं आणि सतरंजीखाली सारलं. उरलेली वायर टोकापासून टोकापर्यंत बोटांतून फिरवली. कुठं खरचटलेलं नव्हतं. ती गुंडाळून तिनं बाजूला ठेवली. बैठकीवरचा डाग कानशीनं घासला, भोकाची कडही घासून गुळगुळीत केली. डब्यातल्या सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यातून एक चकती कापून ती भोकात बसवत होती, तेवढ्यात घंटी वाजली.

ती लीलाधरच्या सायकलची होती. दर्भ आणि पत्रावळींची पिशवी ओसरीवर टाकून तो आत आला आणि दारातच थांबला.

“अरे! वहिनी, तुम्ही काय करताय?”

“हळू बोल. आई झोपल्यात.”

“मी करणार होतो ना.” तो जवळ येऊन उकिडवा बसला. बरेच दिवस त्यानं तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नव्हतं, आताही पाहिलं नाही. “वायर का काढली?”

“दुसऱ्याच्या घरी जायचा आहे. नवी बरी.”

“ती पण नवीच होती. आत्ता तर घातली होती मी.” मग त्याचं लक्ष गेलं. “ये तो मेरी टेबललॅम्पची वायर आहे, वहिनी!”

“तुझ्या दिव्याला ती जुनी घे. पंख्याला ही जाड हवी.”

ही गोष्ट खरी होती, त्यामुळे सांगायला सोपी गेली. त्यानं मान डोलावली.

“हे रबर कशाला?”

“कड लागू नये म्हणून.” तिनं चकती बसवली, पांढरी वायर त्यातून आत ओढली, दोन्ही तारा सुट्या केल्या आणि एकमेकींत अडकवून गाठ मारली. मग ती सोडली. “आता तू मार.”

त्याची पहिली गाठ सैल झाली. दुसरी बसली. विमलनं बाहेरून वायर ओढून पाहिली. गाठ रबराशी अडली, पुढे आली नाही.

“ही कुठं शिकवतात, वहिनी?”

“कॉलेजात. जबलपूरलाही शिकवतील.”

“मी जबलपूरला नाही जाणार आता.” तो पेचकसाच्या मुठीवर नखानं ओरखडे काढत होता. “बाबांजवळ कोण राहणार?”

विमलनं तारांची टोकं तासली आणि एकेक स्क्रू आवळला.

“वहिनी, गाठ नसली तर काय होतं?”

“वायर ओढली जाते. आतून सुटते.”

“आणि?”

“आणि पंखा बंद पडतो.”

तिनं मान वर केली नाही. शाळेत मुलींनी चुकीचं उत्तर दिलं, तर ती तिथल्या तिथं थांबवायची आणि बरोबर उत्तर येईपर्यंत पुढे जायची नाही.

“मी मारली नव्हती तेव्हा,” लीलाधर म्हणाला.

“पंखा चालत होता ना?”

“हो. त्या दिवशी पण चालत होता. मीच बंद केला.”

“मग झालं तर.”

त्यानं एकदम श्वास सोडला. कशानं सोडला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. “तेल आणतो,” म्हणून तो उठला.

तो मागच्या अंगणात गेला तेवढ्यात तिनं दिवा परत जोडला. पिन एका बाजूनं लावली. दिवा लागला नाही. उलटी लावली. लागला नाही. एवढ्यानं काम पुरं होत होतं. दिव्याला जे कळतं ते हातापेक्षा जास्त खरं असतं, हे ती दरवर्षी शिकवायची. तरी ती मोरीवर गेली, हातपाय भिजवले आणि ओल्या पायांनी फरशीवर उभी राहून तिनं पंख्याच्या बैठकीवर पालथा हात ठेवला. झटका लागला, तर हात आपोआप मागे यावा म्हणून. सवयच तशी होती.

लोखंड थरथरत होतं आणि गार होतं. इतक्या दिवसांत तिला काहीतरी गार लागलं. पंख्यानं मान वळवली, वारा तिच्या ओल्या पायांवर आला. ती तशीच उभी राहिली.

“वहिनी!” लीलाधर तेलाची बुधली घेऊन दारात होता. “ओल्या पायानं नका उभ्या राहू, करंट लागेल.”

तिनं हात काढून पदराला पुसला. मग म्हणाली, “बरोबर. तूही राहू नकोस. कोणालाच राहू देऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी गिरधरगुरुजी आले. संकल्प झाला, पाणी सोडून झालं. वस्तू हातगाडीवर चढवताना पंख्याबरोबर विमलनं स्वयंपाकघरातला एक मोठा लाकडी पाट आणून ठेवला. चुडामणराव गोंधळले.

“पाट कशाला, सूनबाई? तो दानात सांगितलेला नाही.”

“पंखा ह्याच्यावर ठेवायचा.” ती गुरुजींकडे वळली. पुरुषांसमोर ती एवढं बोलल्याला बरेच दिवस झाले होते. “फरशी ओली करायची असेल तेव्हा आधी पंखा ह्या पाटावर. आणि सरकवायचा तर पिन काढून. सुनांना सांगाल?”

“सांगतो ना, बिल्कुल सांगतो,” गुरुजी म्हणाले. “त्याची काही खास पद्धत आहे का?”

“हो.”

“नंदकुमारांची?”

“आमच्या घरची,” ती म्हणाली.

गुरुजींनी पंख्याला हात लावून नमस्कार केला. हातगाडी गल्लीच्या वळणावर गेली तेव्हा पितळी पात्यांवर ऊन चमकलं आणि आशाबाई मोठ्यानं रडल्या. कुसुमकाकूंनी त्यांना धरलं आणि विमलकडे पाहिलं. विमलच्या हातात निर्माल्याची पिशवी होती. फुलं, दर्भ, विस्कटलेल्या पत्रावळी. सतरंजी उचलायच्या आधी तिनं त्याखालचं वीतभर टोक काढून ह्या पिशवीत तळाशी घातलं होतं. निर्माल्य नेहमी लीलाधरच न्यायचा. तो सायकलला पिशवी अडकवून तापीवर गेला.

तो परतला तेव्हा मधली खोली धुऊन झाली होती. पंखा होता त्या जागी फरशीवर बैठकीचा गोल, फिकट डाग होता.

“सोडून आलो,” तो म्हणाला. “पाणी फार कमी झालंय. घाटावरून पुढे बरंच आत जावं लागलं.”

“वाहत होतं ना?”

“हो, तिथं वाहत होतं.”

मग तो आपला टेबललॅम्प आणि जुन्या वायरीचं भेंडोळं घेऊन तिच्यापासून थोड्या अंतरावर येऊन बसला. वायर हातावर उलगडली आणि लांबी पाहिली.

“ही आखूड कशी झाली?”

“एक टोक उंदरानं खाल्लं होतं. तेवढं कापलं.”

“आपल्याकडे उंदीर?”

“असतात.”

दिव्याचं बूड उघडून त्यानं वायर आत घेतली, भोकात ट्यूबची चकती बसवली आणि गाठ मारायला लागला. जीभ दातांत धरून मारत होता. नंदकुमारही सुईत दोरा ओवताना अशीच जीभ धरायचा. विमलनं ते पाहिलं.

“बघा, वहिनी.”

तिनं वायर ओढली. आधी हलके, मग जोरात. गाठ सरकली नाही.

“ठीक आहे. जबलपूरला विचारतील तेव्हा हेच सांग.”

“मी नाही जाणार म्हटलं ना.”

“आई-बाबांजवळ मी आहे. शाळा इथंच आहे माझी.” नागपूरहून तिचे वडील पुढल्या आठवड्यात तिला न्यायला येणार होते. ती जाणार नव्हती, हे तिला स्वतःला आत्ताच कळलं. “तू जा. नीट शिकून ये.”

लीलाधरनं बराच वेळ दिव्याचा स्क्रू आवळला. मग नाक ओढून तो म्हणाला, “दादा असता तर म्हणाला असता, इंजिनियरसाहेब, आधी आपला दिवा तर लावून दाखवा.”

“मग लाव.”

“लावतो. वायर वर होल्डरला जोडायची राहिलीय.”

“पिन भिंतीत लावली नाहीस ना?”

“नाही, वहिनी.”

तरी ती उठली आणि भिंतीपाशी जाऊन स्वतः पाहून आली.